एक पान जास्त

माझ्या दोघी नातींनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठीने मला तिच्या अभ्यासातलं एक चित्र दाखवलं. एकमेकांना चिकटून उभे असलेले खांब, खाली आडव्या रेषेवर मिनिटं, डावीकडे उभ्या रेषेवर आकडे. "आजी, एकूण किती मुलांची माहिती घेतली ते लिहिलंच नाहीये, आणि नेमकं तेच विचारलंय," असं ती वैतागून म्हणाली. मी म्हटलं, "प्रत्येक खांब म्हणजे एक पंगत समज. त्या पंगतीत किती पानं मांडली आहेत ते वाच आणि सगळ्या पंगतींची बेरीज कर." धाकटीने विचारलं, "हिस्टोग्राममध्ये जेवण कुठून आलं?" आणि तुम्ही दोघी हसत सुटलात. तेवढ्यात तुमची पोहण्याच्या क्लासची वेळ झाली, फोन बंद झाला, आणि जेवण कुठून आलं ते सांगायचं राहिलं. ते आजच लिहून काढते. नाहीतर पुढच्या रविवारपर्यंत प्रश्न तुम्ही विसराल, आणि आणखी काही वर्षांनी उत्तर मी विसरेन.

मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण इंग्रजीतून. माझं स्वतःचं शिक्षणही इंग्रजीतून झालेलं. त्यामुळे पंगत, पानं हे शब्द माझ्या वर्गात कधी आले नव्हते. ते मला निवृत्तीनंतर सापडले, कसबा पेठेतल्या याच घरी, जेवणाच्या टेबलावर. आणि त्याला कारण आमच्या खालच्या मजल्यावरची सून.

तेव्हा तिची सासू घरगुती जेवणाची कामं घ्यायची. वास्तुशांत, मुंज, सत्यनारायण, डोहाळजेवण, जे असेल ते. स्वयंपाक खालच्या घरात व्हायचा, आणि पातेली टेंपोत चढवून यजमानाच्या घरी जायची. सासू माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणत असे आणि ती मला मास्तरीणबाई. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. मुलगा कंपनीत पाळीवर असायचा. सून पहाटे उठून स्वयंपाकाला हात लावायची, मग जवळच्या एका शाळेच्या कार्यालयात जायची आणि परत आली की पुन्हा मंडईतून भाजी, निवडणं, चिरणं.

शाळेतलं तिचं काम तात्पुरतं होतं. कार्यालयातल्या जुन्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांची कायमची जागा हिला मिळण्यासारखी होती. पण मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं: जूनपर्यंत पदवी हातात हवी, नाहीतर जाहिरात द्यावी लागेल. ती बाहेरून बी.कॉम. करत होती. बाकी सगळं निघालं होतं, संख्याशास्त्राचा एक पेपर दोनदा बुडाला होता. तिसऱ्यांदा बुडाला असता तर ती जागा गेली असती, आणि वयाच्या त्या टप्प्यावर पुन्हा तशी जागा मिळाली नसती. हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा तिने प्रस्तावना वगैरे केली नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काकू, मी मठ्ठ नाहीये. पण हे डोक्यात शिरत नाही."

मठ्ठ ती नव्हतीच. पुस्तक मराठी होतं आणि मला त्यातले शब्द परके वाटत होते. हिस्टोग्रामला त्यात आयतालेख म्हटलं होतं आणि खांबाच्या उंचीला वारंवारता. म्हणजे काही संध्याकाळी आम्ही दोघीही शिकत होतो.

पहिलंच उदाहरण शाळेत पोचायला लागणाऱ्या वेळाचं. पाच खांब. खाली शून्य ते दहा मिनिटं, दहा ते वीस, असं करत पन्नासपर्यंत. विचारलं होतं की एकूण किती विद्यार्थ्यांना प्रश्न विचारला. तिने लिहिलं, पाच.

"पाच कसे?"

"खांब पाच आहेत ना."

मी म्हटलं, खांब म्हणजे मुलं नव्हेत. तर तिने खोडून पन्नास लिहिलं. "शेवटी पन्नास लिहिलंय की."

"ती मिनिटं आहेत अगं. सगळ्यात लांबच्या मुलाला जास्तीत जास्त पन्नास मिनिटं लागतात, एवढाच त्याचा अर्थ."

"मग मुलं कुठे लिहिली आहेत?"

हा प्रश्न योग्यच होता. मुलं कुठे लिहिलेलीच नसतात. प्रत्येक खांब डोक्याशी जिथे संपतो तिथून डावीकडे बोट न्यायचं आणि तिथला आकडा वाचायचा. तो त्या खांबातल्या मुलांचा. मग सगळ्यांची बेरीज. हे मी वर्षानुवर्षं इंग्रजीत सांगितलं होतं आणि मुलं माना डोलवत होती. ही मान डोलवत नव्हती. तिला पटलं नसेल तर ती नुसती माझ्याकडे बघत राहायची. मी आजूबाजूला काहीतरी शोधत होते, आणि खालून जिन्याने फोडणीचा वास येत होता.

"हे बघ," मी म्हटलं, "तुमच्याकडे मुंजीचं जेवण आहे. पहिली पंगत बसली, दुसरी बसली, तिसरी बसली. संध्याकाळी आई विचारतात, एकूण किती पानं झाली. तू काय करतेस?"

"प्रत्येक पंगतीची पानं मिळवते."

"पंगती किती, ते सांगतेस?"

"छे. आई ओरडतील."

"मग खांब म्हणजे पंगत. उंची म्हणजे पानं."

तुमच्यासाठी सांगायचं तर, लोक ओळीने बसून जेवतात ती पंगत, आणि प्रत्येकापुढे केळीचं पान किंवा पत्रावळ मांडतात. म्हणून किती माणसं जेवली हे विचारताना आमच्याकडे किती पानं झाली असंच विचारतात. ताट असलं तरी पानच म्हणतात.

तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या सगळ्या जुन्या वर्गांबद्दल थोडं वाईट वाटलं. मग तिने भराभर पुढची गणितं सोडवली. डावीकडचे आकडे दोन-दोनने वाढत असले तरी ते वाचायला ती चुकत नव्हती. एका चित्रात मधल्या जागी खांबच नव्हता, तर म्हणाली, "या पंगतीला कोणी बसलंच नाही. शून्य."

आणि मोठीने लक्षात ठेवावं अशी एक गोष्ट इथेच सांगते. डावीकडे संख्या नसून टक्के असतील, तर बेरीज नेहमी शंभरच येणार. त्यावरून कोणत्या पंगतीत किती हिस्सा बसला ते कळतं, पण जेवायला एकूण किती आले ते कळत नाही. ते यजमानालाच विचारावं लागतं. हेसुद्धा तिला एकदाच सांगावं लागलं.

तर सगळं ठीक चाललं होतं. मी आत जाऊन चहा टाकला, आणि परत येऊन उत्तरं तपासली. एकही बरोबर नव्हतं.

चाळीसच्या जागी एक्केचाळीस. तीसच्या जागी एकतीस. प्रत्येक उत्तर एकाने जास्त. मला वाटलं, बेरजा घाईत केल्या असतील. माझ्यासमोर मोठ्याने करायला सांगितल्या. तिने बोट ठेवत म्हटलं, "चार नि नऊ तेरा, तेरा नि चौदा सत्तावीस, आठ पस्तीस, पाच, चाळीस." आणि पेन्सिलीने लिहिलं, एक्केचाळीस.

"हा एक कुठून आला?"

"कुठला एक?"

"तोंडाने चाळीस म्हणालीस."

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हाताने तोंड झाकलं. "अगं बाई. काकू, ते नैवेद्याचं."

त्या घरात लग्न होऊन आल्यावर तिला पहिली गोष्ट शिकवली गेली ती ही. यजमान चाळीस माणसं म्हणाला की आपण एक्केचाळीस पानं धरायची. एक देवाचं. ते आधी मांडायचं, आधी वाढायचं, मग पंगत. यजमानाला हे सांगायचं नसतं. तांदूळ भिजवण्यापासून पानं पुसण्यापर्यंत सगळा हिशेब त्या एकासकट चालायचा. आता ती त्याचा विचारही करत नव्हती, हातच करत होता. आणि मी तिला खांब म्हणजे पंगत असं सांगितल्यावर तिच्या हाताने पंगतीबरोबर देवाचं पानही आणून मांडलं होतं.

आधी मला हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि थांबलं. परीक्षेला दीड महिना होता.

मी म्हटलं, पंगत सोडून देऊ. विटा समज. एकावर एक रचलेल्या विटा. त्या संध्याकाळी तिने पुन्हा शेवटचा आकडा उचलून उत्तर म्हणून लिहिला. विटांशी तिचं काही नातं नव्हतं. पंगतीशिवाय तिला ते चित्र दिसत नव्हतं आणि पंगत आली की नैवेद्य येत होता. मी म्हटलं, मग शेवटी एक वजा कर. तर ती कधी वजा करायची, कधी आधीच जास्तीचं धरलेलं नसतानाही वजा करायची, आणि एकोणचाळीस यायचे. बाकीचा पेपर तिला जेमतेम जमत होता. ज्या प्रश्नाचे मार्क हमखास मिळायचे, तोच हातचा जात होता. आणि हा आकडा चुकला की त्यावरची सरासरीही चुकायची.

"आपण ते पान वगळून बघू या," मी म्हटलं.

"वगळू कसं, काकू?" ती हळू आवाजात म्हणाली. "ते मांडल्याशिवाय पंगत सुरूच होत नाही."

त्याच वेळी वहिनी वर आल्या. गुडघे धरून, एक एक पायरी. हातात माझा डबा होता, पण डबा परत करायला त्या स्वतः कधी येत नसत.

"काय मास्तरीणबाई, किती खांब मोजून झाले? आमच्या पडवळाला अजून हात लागला नाहीये, म्हणून विचारते."

"बसा ना वहिनी."

"बसले तर उठवायला दोन माणसं लागतील." तरी बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तुझी ती परीक्षा बारा तारखेलाच आहे का गं? त्या दिवशी येरवड्याची वास्तुशांत घेतलीय मी. तुझी तारीख लागायच्या आधीच घेतलीय."

सुनेने वही पुढे ओढली.  मग बहुधा विषय बदलायला म्हणून तिने त्या एकाची गोष्ट सांगितली. चाळीसचे एक्केचाळीस कसे होतात ते.

वहिनींनी ती शांतपणे ऐकली. "म्हणजे परीक्षेतसुद्धा देवाला उपाशी ठेवलं नाही म्हणा. बरंय. माझ्या मुलाला एवढं सुचत नाही."

"वहिनी," मी म्हटलं, "पेपर तपासणारा देवाचे मार्क देत नाही."

"तपासणारा कुठला आहे? पुण्याचाच असेल." त्या टेबलाला धरून उठल्या. कागदावरच्या त्या चित्राकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा कपाळावर ठेवून, जवळून. मग खाली गेल्या.

दोन दिवसांनी सून आली ती डोळे लाल करून. मला वाटलं, वास्तुशांतीवरून बोलणी झाली. तसं नव्हतं.

"आईंनी माझ्याकडून नैवेद्याचं पान काढून घेतलं, काकू. म्हणाल्या, आजपासून ते मी बघेन. तुला मी माणसं सांगेन तेवढीच पानं तू मांडायची. शहाणपणा करून एक जास्त मांडलंस तर उचलून ठेवीन." ती पदराने नाक पुसत होती. "इतकी वर्षं मी मांडतेय. माझ्या हातून काय चुकलं?"

ते मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी काहीतरी निमित्त काढून खाली गेले. त्यांच्याकडे कोणाचं तरी छोटं जेवण होतं, घरच्याच बैठकीत. सून ओळीने पानं मांडत होती, मोजत, ओठ घट्ट मिटून. आणि तिकडे देवघरासमोर वहिनी एक हात भिंतीला लावून खाली वाकत होत्या. त्यांचे गुडघे तुमच्या आईने पाहिलेले आहेत. त्या गुडघ्यांनी जमिनीपर्यंत जायचं म्हणजे काय ते तिला विचारा. पान मांडून, भाताची मूद ठेवून, त्यावर वरण घालून उठेपर्यंत त्यांचा श्वास वर झाला होता.

"अहो, हे कशाला?" मी हळूच म्हटलं.

"तिचा हात सुटू दे त्याच्यातून. महिनाभर माणसंच मोजू दे." सून ऐकत नाही ना हे त्यांनी पाहिलं. "देवाचं काय, त्याला माझ्या हातचंही चालतं. आधी तेच चालत होतं."

"हे तिला सांगा ना. ती रडतेय."

"रडू दे. सांगितलं तर पुन्हा तेच डोक्यात ठेवून बसेल."

"आणि बारा तारीख?"

"बारा तारखेला वाढायला माझी भाची येतेय. तुम्हाला कोणी विचारलंय?"

त्यानंतर त्या महिन्यात जितकी जेवणं झाली तितक्या वेळा सुनेने फक्त माणसांची पानं मांडली. वर माझ्याकडे आली की ती थोडी रुसल्यासारखी असायची, पण तिचे आकडे हळूहळू खाली आले. आधी चारातलं एक उत्तर बरोबर येऊ लागलं, मग दोन. काही दिवस मात्र सगळीच पुन्हा चुकायची. मी काही बोलत नव्हते. मला वहिनींना दिलेला शब्द पाळायचा होता, खरं तर शब्द असा दिलाच नव्हता.

बारा तारखेला सकाळी खाली टेंपोत पातेली चढत होती. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी. वहिनी ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर चमच्यांची पिशवी. सून कंपासपेटी आणि प्रवेशपत्र घेऊन जिन्यावरून उतरली आणि वाकून नमस्कार करायला टेंपोपाशी गेली.

"पाया नंतर पड, बस चुकेल," वहिनी म्हणाल्या. टेंपो सुरू झाला आणि खिडकीतून त्यांचा आवाज आला, "आधी डावीकडचे आकडे बघ गं! दोन-दोनने वाढतात ते!"

सून रस्त्यात उभीच राहिली. मग तिने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी खांदे उडवले. कागदाकडे एवढा वेळ बघत काय उभ्या होत्या ते मलाही तेव्हाच कळलं.

संध्याकाळी ती आधी माझ्याकडे आली. हिस्टोग्राम आला होता. दवाखान्यात रुग्णांना किती वेळ थांबावं लागलं, सहा खांब. "बेरीज केली, काकू. आणि हात पुढे जायला लागला. मला कळत होतं की जातोय. मग मी डोळे मिटले, तर आई दिसल्या. भिंतीला हात लावून पान मांडताना." तिने प्रवेशपत्र घडी करून कंपासपेटीत ठेवलं. "म्हटलं, ते मांडून झालंय. आता आपण माणसं लिहायची. मग लिहिलं."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बसली नाही, तशीच खाली गेली. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मात्र त्या रात्रीच्या जेवणाचा डबा मला दोन वाट्या जास्तीच्या शिऱ्यासकट आला.

येरवड्याला त्या दिवशी मसालेभात कमी पडला होता. शेवटच्या पंगतीला साधा भात वाढावा लागला आणि यजमानांनी बोलून दाखवलं. सून असती तर तसं झालं नसतं. हे मला भाचीने सांगितलं. वहिनी सुनेला एवढंच म्हणाल्या की लोक जास्त आले.

निकाल लागला. ती पास झाली. फार मार्क नव्हते, पण पासला जेवढे लागतात तेवढे होते. जुलैमध्ये शाळेने तिला कायम केलं. तो कागद तिने आधी सासूच्या हातात दिला. वहिनींनी तो उलटसुलट करून पाहिला. "कायम म्हणजे अजून किती वर्षं तू आमच्या पडवळाला हात लावणार नाहीस?" असं विचारलं, आणि कागद देवापुढे ठेवला. त्याच दिवशी नैवेद्याचं पान मांडायला त्यांनी सुनेला हाक मारली.

आता त्या नाहीत. जेवणाची कामं त्यांच्यानंतर एक-दोन वर्षं कशीबशी चालली आणि बंद झाली. मोठी पातेली भाचीने नेली. खालच्या घरात आता फोडणीचा वास येतो तो चार माणसांपुरता. माझं ऐकू येणंही कमी झालंय, म्हणून तुम्ही फोनवर हळू बोललात की मी नुसती मान हलवते, हे तुम्हाला कळलं असेलच.

सून अजून त्या शाळेच्या कार्यालयात आहे. कायम.